चार गोळ्या द्या

औषधाच्या दुकानाला आपल्याकडे ‘मेडिकल’ म्हणतात. नागपूरचे मोठे सरकारी इस्पितळ, तेही मेडिकलच! पण तिथे डॉक्टर रोगी तपासतो. इथला माणूस गोळ्या देतो. हा फरक आम्ही पुष्कळ वर्षे विसरलो होतो.

एकदा सर्दी-खोकला झाला. कुहीच्या एका दुकानात गेलो. चिठ्ठी नव्हती. "मागच्या वेळच्या त्या कॅप्सूल द्या, चार," असे म्हणालो. दुकानदाराने कात्रीने पाकीट कापले आणि दिल्या. दोन दिवसांत बरे वाटले. दोन उरल्या, त्या डब्यात ठेवल्या.

पुढे नातवाला ताप आला. आम्ही डबा काढला. सूनबाईने हात धरला. "बाबा, आधी डॉक्टरांना दाखवू." रक्त तपासले, डेंग्यू निघाला! डेंग्यूवर त्या कॅप्सूलचा काडीचा उपयोग नव्हता. दोन दिवस घरीच गेले असते.

त्या कॅप्सूलला अँटिबायोटिक म्हणतात. ती जिवाणू नावाचे जंतू मारते. साधी सर्दी, डेंग्यू हे विषाणूंचे रोग. त्यांना ती काहीच करीत नाही. आमची सर्दीही आपोआपच गेली होती. नाव मात्र कॅप्सूलचे झाले. शिवाय असे औषध वारंवार, कमीजास्त घेतले की नाजूक जिवाणू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. शेतात एकच फवारा मारीत राहिले की अळी दाद देत नाही, तसेच हे. मग खरे दुखणे आले की औषध लागू पडत नाही. हे चिवट जंतू घरातल्या दुसऱ्यालाही लागतात.

लंडनमध्ये १९२८ साली फ्लेमिंग साहेबांना पेनिसिलिन सापडले. आपल्या पिंपरीला १९५४ साली त्याचा सरकारी कारखाना निघाला. फ्लेमिंग साहेबांनी १९४५ सालीच बजावले होते, की हे औषध दुकानात कोणालाही मिळू लागले, तर लोक थोडेथोडे घेऊन जंतूंना पक्के करतील.

दुकानदाराला हे ठाऊक नसते काय? आम्ही त्यालाच विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, सारं माहीत आहे. पण म्या नाही देल्ली तं तो समोरच्या दुकानातून घेते. माहं गिऱ्हाईक बी जाते."

त्याचेही पोट आहे. पण कायदा आहे. अँटिबायोटिक गोळ्यांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते. त्यांतल्या काही जालीम औषधांसाठी १ मार्च २०१४ पासून वेगळी वही ठेवावी लागते. रोग्याचे नाव, डॉक्टरांचे नाव, औषध किती दिले, हे तीत लिहायचे आणि ती तीन वर्षे जपायची. पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध चिठ्ठीवाचून मागू नये. चिठ्ठी असली तर डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यावे. उरवून डब्यात ठेवू नये, शेजाऱ्याला देऊ नये.

निघताना दुकानदार म्हणाला, "गुरुजी, गावात तुमीच सांगा. म्या सांगतलं तं लोक म्हणतात, याले धंदा नाही करायचा काय?"