डझनभर चुकांची साक्ष

फेब्रुवारी 2021. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात इबोलाने पुन्हा डोकं वर काढलं. 2013 च्या अखेरीस इथूनच उसळलेल्या साथीने गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन मिळून 11 हजारांहून जास्त माणसं नेली होती. 2016 मध्ये ती संपली. मग आता हा विषाणू आला कुठून? एखाद्या वटवाघळाकडून?

उत्तर विषाणूच्याच पोटात होतं. इबोलाची सगळी जनुकीय संहिता अवघ्या 19 हजार अक्षरांची. माणसाची तीन अब्जांची! पेशीत शिरला की विषाणू या मजकुराच्या नकला काढत सुटतो. नकलताना एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते. जुन्या पोथ्यांचंही असंच ना? दोन पोथ्यांत त्याच त्या चुका दिसल्या, की त्या एकाच घराण्यातल्या हे जाणकार ओळखतात.

गिनीतल्या नव्या रुग्णांचे नमुने डाकार आणि कोनाक्रीच्या प्रयोगशाळांत अक्षर-अक्षर वाचले गेले. त्यांत जुन्या साथीत, माणसामाणसांतून फिरताना पडलेल्या चुका जशाच्या तशा होत्या. म्हणजे वटवाघूळ सुटलं! पण खरा धक्का पुढेच होता. विषाणू माणसांत पसरत राहिला असता, तर वर्षाला वीसेक या हिशेबाने शंभरावर नव्या चुका जमायला हव्या होत्या. सापडल्या जेमतेम डझनभर.

इतकी वर्षं तो करत काय होता? जवळजवळ काहीच नाही! बऱ्या झालेल्या कुणाच्या तरी शरीरात तो दडून होता. डोळा, मेंदू, वृषण या नाजूक अवयवांत प्रतिकारशक्ती हात राखून वागते. तिथे इबोला टिकतो हे माहीत होतं, पण दीड-दोन वर्षांपलीकडे तिथून तो पुन्हा पसरल्याचं दिसलं नव्हतं. हा पाच वर्षांहून जास्त टिकला! नकलाच फारशा निघाल्या नाहीत, तर चुका कुठून होणार?

मला मात्र काळजी वाटते ती त्या मोठ्या साथीतून वाचलेल्या 17 हजारांहून अधिक माणसांची. आधीच गावाने त्यांना दूर लोटलेलं. इतका दीर्घ मुक्काम अतिशय विरळा, आणि त्यात त्यांचा दोष काडीचाही नाही. त्यांना नियमित तपासणी, उपचार आणि शेजाऱ्यांत पूर्वीसारखी ऊठबस हवी आहे.