स्पर्धेसाठी अद्भुतकथा : लेखन आणि स्वसंस्करण



शाळा, केंद्र आणि तालुका या पातळ्यांवर वेळोवेळी कथालेखनाच्या स्पर्धा घेतल्या जातात. काही विद्यार्थ्यांसाठी असतात, तर काही खास शिक्षकांसाठी. त्यांत अद्भुतकथा हा विषय आला की पुष्कळांना तो सोपा वाटतो, कारण तीत काहीही घडू शकते असा समज आहे. वस्तुतः याच समजामुळे बहुसंख्य कथा फसतात. अशी लहान कथा कशी रचावी, लिहिल्यावर ती आपली आपणच कशी तपासावी आणि विद्यार्थ्याच्या कथेत शिक्षकाने कोठवर हात घालावा, या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. अद्भुताचे बीज आपल्या परिसरात शोधावे

परी, राजपुत्र आणि सोन्याचा राजवाडा यांवर आजवर इतके लिहिले गेले आहे की परीक्षकाला पहिल्याच ओळीत शेवट दिसतो. आपल्या दोन्ही तालुक्यांत मात्र कथाबीजांचा तुटवडा नाही. शहापूरच्या माहुली किल्ल्याचे सुळके नवरा, नवरी आणि भटोबा या नावांनी ओळखले जातात. म्हणजे लोकांनी त्या कातळांत एक थांबलेले लग्नच पाहिले. मुरबाडहून वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढून गेले की माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत असत, असे परंपरेने सांगतात. पौषी पौर्णिमेच्या म्हशाच्या जत्रेत बैल आणि घोंगड्या विकावयास येतात. तो रांजण एका रात्री पुन्हा भरू लागला तर? जत्रेतून आणलेली घोंगडी पांघरणाऱ्याला दुसऱ्याची स्वप्ने दिसू लागली तर? असा एकच 'तर' लहान कथेला पुरेसा असतो.

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. याच सातवाहनांच्या नावाशी आपल्या देशातील अद्भुतकथेची एक महत्त्वाची आख्यायिका जोडलेली आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'त ती येते. गुणाढ्याने सात लक्ष श्लोकांची 'बृहत्कथा' पैशाची भाषेत रचली आणि सातवाहन राजाकडे पाठविली. भाषा हीन, म्हणून राजाने ती परत केली. तेव्हा गुणाढ्य अरण्यात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि अग्नीत टाकू लागला. प्राणी चरणे विसरून ऐकत राहिले. राजाला हे कळून तो धावत आला, तोपर्यंत सहा लक्ष श्लोक जळाले होते. एक लक्ष तेवढे वाचले. या आख्यायिकेचा विसर परीक्षकाला आणि शिक्षकाला पडू नये. त्याचे कारण पुढे पाचव्या कलमात येईल.

२. अद्भुताचा नियम एकच असावा

अद्भुतकथेत अशक्य गोष्ट घडते. पण ती एकदा मान्य केल्यावर पुढचे सर्व तिच्या नियमाप्रमाणे घडले पाहिजे. अडचण येताच नवी जादू काढणे म्हणजे गणितात उत्तर जुळत नाही म्हणून मधेच आकडा बदलणे होय.

एक उदाहरण रचून पाहू. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरविणारी धरणे आहेत, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हे आपल्या मुलांना सांगावे लागत नाही. समजा, अशाच एका पाड्यावरील मुलीला कोरड्या विहिरीत एक हंडा सापडतो. तो कधीच रिकामा होत नाही. एवढ्यावर कथा होत नाही. ती केवळ इच्छापूर्ती झाली. आता नियम ठरवू : हंड्यातील पाणी ज्या घरी ओतावे, त्याच्या सर्वांत जवळच्या घरातील पाणी तेवढेच कमी होते. मुलीच्या घरी माठ भरतो आणि शेजारच्या एकट्या आजीच्या घरचा आटतो. आजी कोणाकडे तक्रार करीत नाही. ती फक्त विहिरीकडे अधिक वेळा जाऊ लागते. मुलीच्या हे लक्षात आले की कथा सुरू झाली. कारण आता तिला काही ठरवावयाचे आहे.

शेवटही त्याच नियमातून काढावा. मुलगी हंडा आजीच्या दारी नेते आणि तिचा माठ भरते. आजीला सर्वांत जवळचे घर मुलीचेच आहे. आपल्या घरचा माठ आटणार हे तिला ठाऊक आहे. मग ती घरी येते, साधी कळशी उचलते आणि रांगेत जाऊन उभी राहते. येथे नवी जादू नाही, देव प्रकट होत नाही आणि उपदेशाचे वाक्यही लागत नाही.

अद्भुताला नियम असतो, हे विज्ञानकथेवरून अधिक स्पष्ट होते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने घेतलेल्या विज्ञानकथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते डॉ. जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) होते. त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी डॉ. मंगला नारळीकर यांच्याकडून लिहवून घेतली होती. कृष्णविवराजवळचे घड्याळ दूरच्या घड्याळाच्या मानाने सावकाश चालते. हा निसर्गाचा नियम परीकथेतील जादूइतकाच अद्भुत आहे. पण लेखकाला तो सोयीप्रमाणे वाकविता येत नाही. या हकीकतीतून स्पर्धकाला आणखी एक बोध घेता येतो. नामवंत शास्त्रज्ञालाही आपली कथा केवळ कथा म्हणून वाचली जावी असे वाटले. स्पर्धेत कागदावर जे उतरले तेवढेच परीक्षकापुढे जाते. समजावून सांगावयास लेखक तेथे नसतो.

३. पहिला खर्डा

एक हजार शब्दांच्या कथेत एक मुख्य पात्र, एक अद्भुत वस्तू वा घटना आणि एक निर्णय पुरेसा होतो. लिहिण्यापूर्वी चार वाक्ये कागदावर मांडावीत : पात्राला काय हवे आहे, कोणती अद्भुत गोष्ट घडते, तिची किंमत काय, पात्र शेवटी काय करते. तिसरे वाक्य सुचत नसेल तर कथा लिहावयास घेऊ नये, आणखी दोन दिवस थांबावे.

खर्डा शक्य तर एका बैठकीत पुरा करावा. लिहिताना शुद्धलेखनासाठी थांबू नये. ओळीआड ओळ सोडावी, म्हणजे दुरुस्तीला जागा राहते. शब्दमर्यादेपेक्षा खर्डा थोडा मोठा झाला तरी चालेल. काटावयास काही हवेच.

४. स्वसंस्करणाच्या चार फेऱ्या

खर्डा निदान तीन-चार दिवस बाजूला ठेवावा. लिहिल्याबरोबर वाचले तर आपण कागदावरचे न वाचता मनातलेच वाचतो. त्यानंतर चार फेऱ्यांत तपासणी करावी. एका फेरीत एकच गोष्ट पाहावी.

पहिली फेरी नियमाची. अद्भुताचा नियम कोठे मोडला आहे काय? वरील कथेत हंड्यातील पाण्याने मुलीने वाटेत रोपे भिजविली असतील, तर ते पाणी कोणाच्या घरून गेले हे सांगावे लागेल, नाहीतर तो प्रसंग काढावा लागेल. 'आणि मग मला जाग आली' हा शेवट असल्यास तो निष्ठुरपणे काढावा. वाचकाने ज्या गोष्टीवर विश्वास ठेवला ती खरी नव्हतीच, असे सांगून लेखक त्याच्याशी केलेला करार मोडतो.

दुसरी फेरी आरंभाची. बहुतेक खर्ड्यांत खरी कथा दुसऱ्या वा तिसऱ्या परिच्छेदात सुरू होते. 'ती एक रम्य पहाट होती. निसर्गाने आपले सौंदर्य मुक्तहस्ताने उधळले होते. पक्षी मंजुळ गाणी गात होते.' ही तीन वाक्ये कोणत्याही कथेला लागू पडतात, म्हणून ती कोणत्याच कथेची नव्हेत. त्यांऐवजी 'फाल्गुनातच विहिरीचा तळ दिसू लागला' एवढे एक वाक्य स्थळ, काळ आणि संकट तिन्ही सांगते.

तिसरी फेरी भावनेची. 'तिला फार वाईट वाटले', 'तिला आश्चर्याचा धक्का बसला' अशा वाक्यांखाली रेघ मारावी आणि पात्राने तेव्हा काय केले ते लिहून पाहावे. 'आजीचा माठ रिकामा पाहून तिला अतिशय दुःख झाले' याऐवजी 'तिने आजीच्या माठात हात घातला. बोटांना ओल लागली, पाणी लागले नाही' असे लिहिल्यास दुःखाचा उल्लेखही करावा लागत नाही. तात्पर्याचे शेवटचे वाक्यही याच फेरीत तपासावे. बहुधा ते गाळल्याने कथेचे काहीच बिघडत नाही.

चौथी फेरी कानाची. कथा मोठ्याने वाचावी, शक्य तर दुसऱ्याकडून वाचवून घ्यावी. वाचणारा जेथे अडखळतो तेथे वाक्य लांबले आहे किंवा शब्द पात्राच्या तोंडचा नाही असे समजावे. शुद्धलेखन, विरामचिन्हे आणि शब्दसंख्या यांची तपासणी यानंतर करावी. जो परिच्छेद पुढे गाळावयाचा आहे त्याच्या वेलांट्या आधी सुधारण्यात श्रम फुकट जातात.

संस्करण म्हणजे केवळ काटछाट नव्हे. ऑक्सफर्डचे गणिताध्यापक चार्ल्स डॉजसन यांनी ४ जुलै १८६२ रोजी नावेतून जाताना तीन लहान मुलींना एक गोष्ट सांगितली. तिची हस्तलिखित प्रत त्यांनी १८६४ मध्ये त्यांतील ॲलिसला भेट दिली. १८६५ मध्ये लुई कॅरल या नावाने ती छापली गेली, तेव्हा ती बरीच वाढली होती. चहापानाचा सुप्रसिद्ध प्रसंग मूळ हस्तलिखितात नव्हताच. जेथे वाचकाला अधिक हवे आहे तेथे भर घालावी. जेथे केवळ लेखकाला मोह आहे तेथे काटावे.

५. विद्यार्थ्याची कथा आणि शिक्षकाची लेखणी

येथे प्रश्न बक्षिसापेक्षा मोठा आहे. स्पर्धेच्या उत्साहात विद्यार्थ्याची कथा शिक्षक स्वतः लिहून देतात, किंवा इतकी दुरुस्त करतात की मूळ लेखनातील एक ओळही उरत नाही. शाळेचे नाव यादीत झळकते. मुलगा मात्र एवढेच शिकतो की आपल्याला सुचलेले आणि आपण बोलतो ते कागदावर येण्याच्या लायकीचे नसते. आपल्या शाळांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी समाजांतील अनेक मुले आहेत. त्यांच्या घरच्या बोलीतील एखादा शब्द लाल शाईने खोडताना गुणाढ्याची पाने आठवावीत. निवेदन प्रमाण भाषेत असावे अशी स्पर्धेची अट असेल तर ती पाळावी. पण संवाद पात्राच्या बोलीत राहू द्यावेत. ज्या झाडाला, माशाला वा भांड्याला पुस्तकात शब्द नाही त्याला घरचाच शब्द ठेवावा.

शिक्षकाने विद्यार्थ्याच्या वहीत वाक्य लिहू नये, प्रश्न विचारावा. 'हे पाणी कोठून आले?', 'तेव्हा ती काय करीत होती?', 'हे तुझ्या आजीने कसे सांगितले असते?' अशा तीन प्रश्नांनी बहुतेक कथा सुधारतात, आणि सुधारणा मुलाची राहते. शुद्धलेखनाच्या चुका दाखवाव्यात, पण दुरुस्ती त्यालाच करू द्यावी. बहुवर्ग शाळेत वरच्या वर्गातील मुलांनी जोडीने एकमेकांच्या कथा मोठ्याने वाचल्यास चौथी फेरी शिक्षकाविना पार पडते.

वेळापत्रकाचाही विचार करावा. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांनाही न्यावे लागते. स्पर्धा हिवाळ्यात असली तरी खर्डा आणि निदान दोन फेऱ्या दिवाळीपूर्वीच पूर्ण कराव्यात, म्हणजे त्या मुलांची कथाही स्पर्धेला जाईल. प्रत पाठविल्यावर मूळ वही, तिच्यावरील सर्व खाडाखोडीसह, मुलाजवळच द्यावी. आपण आपले वाक्य स्वतः कसे सुधारले याचा पुरावा त्या खाडाखोडीत असतो.

६. पाठविण्यापूर्वी

नियमपत्रिका पुन्हा एकदा वाचावी. शब्दमर्यादा, नाव कोठे लिहावयाचे आणि अंतिम दिनांक या तीन बाबी पाहाव्यात. कागदाच्या एकाच बाजूस समास सोडून लिहावे, पृष्ठांक घालावेत आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.

शेवटी एक विनंती आहे. विद्यार्थ्यांना कथा लिहावयास सांगण्यापूर्वी शिक्षकाने याच रीतीने एक कथा स्वतः लिहावी, चारही फेऱ्यांतून काढावी आणि काटलेल्या ओळींसह वर्गात दाखवावी. आपले गुरुजी किंवा बाई यांनाही वाक्य तीनदा लिहावे लागते, हे पाहिल्यावर मुलांना आपल्या खाडाखोडीची लाज वाटेनाशी होते आणि लेखनाचा खरा आरंभ तेथून होतो.