संकेतस्थळ सापडत नाही? आधी डीएनएस तपासा

जबलपूर येथे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ आहे. उद्याच्या सुनावणीत आपले प्रकरण कितव्या क्रमांकावर आहे, हे पाहण्यासाठी पक्षकार आणि वकील न्यायालयाचे संकेतस्थळ उघडतात. अशा वेळी ब्राउझरमध्ये ‘सर्व्हर सापडला नाही’ असा संदेश आल्यास संकेतस्थळच बंद पडल्याचा समज होतो. प्रत्यक्षात दोष आपल्याच संगणकातील डीएनएसच्या नोंदीत असू शकतो.

माणसे संकेतस्थळ नावाने ओळखतात, संगणक अंकी पत्त्याने. नावावरून अंकी पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था अमेरिकी संगणकतज्ज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. हा पत्ता मिळाला नाही, तर इंटरनेट सुरू असूनही पान उघडत नाही. ‘४०४’ हा संदेश मात्र वेगळा आहे. तो दिसल्यास सर्व्हर सापडला असून केवळ मागितलेले पान तेथे नाही, असे समजावे.

दोष शोधताना प्रथम पत्त्यातील अक्षरे तपासावीत. नंतर मोबाईलचे वायफाय बंद करून त्याच्या स्वतःच्या इंटरनेटवर तेच संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडल्यास अडचण बहुधा घरची जोडणी किंवा संगणक यांत आहे. राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करावा. एका ब्राउझरमध्ये संकेतस्थळ उघडते आणि दुसऱ्यात नाही, असे असल्यास त्या दुसऱ्या ब्राउझरमधील ‘सुरक्षित डीएनएस’ हा पर्याय तपासावा. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये तो स्वतंत्रपणे बदलता येतो. कोणत्याच ब्राउझरमध्ये उघडत नसल्यास संगणकातील डीएनएसचे अंक लिहून ठेवावेत आणि ‘आपोआप मिळवा’ हा पर्याय निवडावा. गुगलने २००९ साली सुरू केलेल्या सेवेचा ८.८.८.८ हा पत्ताही वापरून पाहता येतो. कार्यालयातील संगणकावर मात्र तेथील तंत्रज्ञांना विचारल्याविना बदल करू नये.

आपण न बदलताही हे अंक बदललेले आढळले, तर सावध व्हावे. ‘डीएनएस चेंजर’ या घातक प्रणालीने शंभराहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणकांत असेच अंक बदलले होते. ही टोळी २०११ साली पकडली गेली. अशा बदलामुळे बँकेचा पत्ता अचूक लिहूनही ग्राहक बनावट पानावर पोहोचू शकतो. म्हणून अनोळखी अंक दिसल्यास संगणकाची विषाणू-तपासणी करावी, राउटरचा पासवर्ड बदलावा आणि तोवर आर्थिक व्यवहार टाळावेत.