फ्रेंच शब्द कोठे तुटतो?

'पुस्तक' हा शब्द आपण पु-स्त-क असा लिहितो, पण म्हणतो मात्र पुस्-तक्. लिपीतील अक्षर वेगळे आणि एका स्वराभोवती एका दमात उच्चारला जाणारा तुकडा, म्हणजे शब्दावयव, वेगळा. फ्रेंच शिकताना असे तुकडे पाडणे हा वहीतला कंटाळवाणा सराव समजला जातो. वास्तविक त्या भाषेत तुकडा कोठे पडतो यावर उच्चारच ठरतो.

दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या स्वराकडे जाते : का-ना-पे (सोफा). दोन व्यंजने आली की बहुधा त्यांची वाटणी होते : पार्-तीर (निघणे). मात्र प, ब, क, ग यांच्यापुढे र किंवा ल, अथवा त, द यांच्यापुढे र असेल, तर जोडी फुटत नाही : ता-ब्लो (फळा). मराठी जिभेला हे जड जाते, कारण 'पत्र' म्हणताना आपण त् चा आघात मागे घेऊन पहिले अक्षर गुरू करतो.

आता गंमत पाहा. चंद्र म्हणजे 'ल्यून' आणि सोमवार म्हणजे 'लँदी'. (सोम म्हणजे चंद्र, दोन्ही भाषांत वार त्याचाच!) दोन्ही शब्दांची सुरुवात एल, यू, एन या अक्षरांनीच होते. 'ल्यून'च्या लेखनात एननंतर ई हा स्वर आहे. तो आज उच्चारात नसला तरी एनला आपल्याकडे ओढतो, म्हणून आधीचा स्वर शुद्ध राहतो आणि न स्पष्ट ऐकू येतो. सोमवारच्या शब्दात एनपुढे डी आहे. तेथे एन पहिल्याच तुकड्यात अडकतो, व्यंजन म्हणून नाहीसा होतो आणि स्वर नाकातून निघतो. (देवनागरीतले हे उच्चार जवळपासचे समजावेत. 'ल्यू'मधला स्वर ओठांचा चंबू करून 'ई' म्हटल्यास साधतो.)

हीच ओढ शब्दाची सीमाही ओलांडते. 'ले' हे अनेकवचनी उपपद, 'आमी' म्हणजे मित्र. एकत्र मात्र ले-झा-मी ('झरा'तला झ). उपपदाच्या शेवटी लिहिलेला, एरवी मुका असलेला एस येथे झ होऊन पुढच्या स्वराला चिकटतो. 'एरो' म्हणजे नायक. या शब्दाच्या आरंभीचा एच उच्चारत नाहीत, तरी तो ही जोडणी अडवतो : ले-ए-रो. तसे नसते तर 'नायक' आणि 'शून्ये' यांचा उच्चार एकच झाला असता! नायिकेच्या शब्दातला एच मात्र असा अडसर घालत नाही.

म्हणूनच सुटे शब्द पाठ असलेल्या विद्यार्थ्याला बोलली जाणारी फ्रेंच कळत नाही. तो ऐकण्यात शब्द शोधतो, तेथे असतात अवयव. जाक मेलेर व सहकाऱ्यांनी 1981 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 'पा-लास' (आलिशान हॉटेल) आणि 'पाल्-म्ये' (ताडाच्या जातीचे झाड) या शब्दांचे पहिले तीन ध्वनी सारखेच आहेत. तरी फ्रेंच श्रोत्यांनी 'पा' हा तुकडा पहिल्या शब्दात लवकर ओळखला आणि 'पाल्' दुसऱ्यात. इंग्रजी भाषकांत असा फरक आढळला नाही, हे 1986 साली प्रसिद्ध झाले.

वर्गात प्रत्येक अवयवाला बाकावर एक टिचकी मारून वाक्य म्हणवून घ्यावे. फळ्यावरील शब्दांमधली मोकळी जागा तेवढी पुसून टाकावी.