युवाकार्यकर्त्यांचे आंतरसांस्कृतिक प्रशिक्षण (युरोप)

युवाकार्यकर्त्यांचे आंतरसांस्कृतिक प्रशिक्षण म्हणजे शाळेबाहेर तरुणांसोबत काम करणाऱ्या व्यक्तींना भिन्न भाषा, धर्म व चालीरीतींच्या समूहांत संवाद घडवून आणण्यासाठी, तसेच स्थलांतरित तरुणांना स्थानिक समाजजीवनात सामावून घेण्यासाठी दिले जाणारे प्रशिक्षण होय. मराठीत ‘युवा कार्यकर्ता’ म्हटले की राजकीय पक्षाचा कार्यकर्ता डोळ्यांपुढे येतो. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. युरोपातील अनेक देशांत वस्तीतील युवा केंद्रे, क्रीडामंडळे, निर्वासितांची निवासस्थाने अशा ठिकाणी पगारी वा स्वयंसेवी तत्त्वावर काम करणाऱ्यांना ही संज्ञा लावतात.

पार्श्वभूमी

या प्रशिक्षणाला आकार देण्यात युरोप परिषदेचा वाटा मोठा आहे. १९४९ साली स्थापन झालेली ही संघटना युरोपीय संघाहून वेगळी आहे. तिने १९७२ मध्ये स्ट्रासबर्ग येथे व १९९५ मध्ये बुडापेस्ट येथे युवा केंद्र सुरू केले. १९९५ मध्येच वंशवाद, ज्यूद्वेष, परकीयद्वेष व असहिष्णुता यांविरुद्ध ‘सारे वेगळे, सारे समान’ ही मोहीम झाली आणि तिच्यासाठी एक शिक्षणसंच तयार करण्यात आला. २००२ मध्ये ‘कंपास’ ही मानवी हक्क शिक्षणाची पुस्तिका प्रसिद्ध झाली. पुढे २०१५ मध्ये दहा लाखांहून अधिक लोक समुद्रमार्गे युरोपात पोहोचले, तेव्हा या साहित्याची गरज नव्याने जाणवली.

स्वरूप

परक्या संस्कृतीविषयी माहिती पुरवणे हा या प्रशिक्षणाचा गाभा नाही. कार्यकर्त्याने आधी स्वतःच्या नजरेकडे पाहावे, अशी अपेक्षा असते. त्यासाठी व्याख्यानापेक्षा खेळावर भर दिला जातो. ‘डर्डियन’ या खेळात अभियंत्यांचा एक गट काल्पनिक गावात जाऊन तेथील लोकांना कागदाचा पूल बांधायला शिकवतो. गावकरी खांद्याचे चुंबन घेऊन अभिवादन करतात. हस्तांदोलन हा त्यांच्या लेखी अपमान. ते ‘नाही’ कधीच म्हणत नाहीत. पाहुण्यांना यातले काहीच ठाऊक नसते. पूल पुरा होवो वा न होवो, खरे काम खेळानंतरच्या चर्चेत होते.

‘कंपास’मधील ‘एक पाऊल पुढे’ या खेळात प्रत्येकास एका व्यक्तीची भूमिका लिहिलेली चिठ्ठी मिळते: कोणी बँक व्यवस्थापकाची मुलगी, कोणी कागदपत्रांविना आलेला स्थलांतरित. सारे एका रेषेत उभे राहतात. मतदान करता येते काय, पोलीस अडवतील अशी भीती नाही ना, अशी विधाने वाचली जातात आणि ज्याला ते लागू पडते तो पाऊल टाकतो. अखेरीस काही जण खोलीच्या दुसऱ्या टोकाशी, तर काही जण जागच्या जागीच असतात.

मिल्टन बेनेट यांनी १९८६ मध्ये मांडलेली सहा टप्प्यांची चौकटही अशा वर्गांतून शिकवली जाते. नकार, बचाव व भेद कमी लेखणे हे पहिले तीन टप्पे स्वकेंद्री, तर स्वीकार, अनुकूलन व एकात्मता हे पुढचे तीन. यातील तिसरा टप्पा विशेष विचार करण्याजोगा आहे. ‘शेवटी माणसे सगळीकडे सारखीच’ हे उदार वाटणारे वाक्य बेनेट स्वकेंद्री गटातच घालतात. कारण ‘सारखी’ याचा अर्थ बहुधा ‘आपल्यासारखी’ असा असतो. सद्भावनेने या क्षेत्रात आलेले अनेक कार्यकर्ते याच पायरीवर उभे असतात.

मर्यादा

भूमिकेच्या चिठ्ठीतील आयुष्य जो प्रत्यक्ष जगला आहे, त्याच्यासाठी तो खेळ राहत नाही. वर्गात निर्वासित तरुण असतील तर भूमिका वाटताना प्रशिक्षकाला तारतम्य बाळगावे लागते. चर्चा घाईने उरकली, तर रूढ ग्रह पुसले जाण्याऐवजी पक्के होण्याचा धोका असतो.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे: ज्याला राहण्याचा परवाना नाही, त्याला संवाद किती पुरणार? युरोप परिषदेच्या २००८ च्या आंतरसांस्कृतिक संवादविषयक श्वेतपत्रिकेच्या शीर्षकातच समान प्रतिष्ठेचा उल्लेख आहे. प्रौढत्वाकडे वाटचाल करणाऱ्या तरुण निर्वासितांविषयी परिषदेच्या मंत्रिसमितीने २०१९ मध्ये स्वतंत्र शिफारस केली. एकटे आलेले मूल अठरा वर्षांचे होताच, बालक म्हणून मिळणारे संरक्षण त्याच्या हातून निसटू शकते. पालकत्व, निवारा, शिक्षण या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. म्हणून खेळांच्या जोडीला आश्रयविषयक कायद्याची तोंडओळख आणि योग्य वकिलाकडे वा कार्यालयाकडे वेळेत पाठवण्याची जाण हीसुद्धा कार्यकर्त्याच्या तयारीत मोडते.