व्यापाऱ्याची चिंता आणि ताटातील अन्न

उधारी वसूल होत नाही, मार्चअखेरचा हिशेब उरकावयाचा असतो, जीएसटीच्या विवरणपत्राची मुदत जवळ आलेली असते. अशा स्थितीत व्यापाऱ्याच्या मनावर ताण येणे स्वाभाविकच होय. कोणत्याही अन्नाने थकलेली उधारी वसूल होत नाही, हे उघड आहे. तथापि तो ताण ज्या शरीराने सोसावयाचा, ते अन्नावरच पोसलेले असते. मेंदूचे वजन देहाच्या अवघे २ टक्के. पण विश्रांतीच्या वेळीही देहाला लागणाऱ्या शक्तीपैकी सुमारे २० टक्के शक्ती एकटा मेंदूच खर्च करतो.

पेढीवरील आपली दिनचर्या पाहावी. सकाळी घाईचा नाश्ता, दुपारचे जेवण गिऱ्हाइकांच्या गर्दीत लांबलेले, आणि मधल्या वेळी प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर गोड चहा! चहातील कॅफीन घटकाभर तरतरी आणते खरे. परंतु त्यातील निम्मे शरीरातून नाहीसे होण्यास साधारणपणे ५ तास लागतात. सायंकाळच्या चहाने रात्रीची झोप उणावते व दुसऱ्या दिवशी नोकराचाकरांवर विनाकारण आवाज चढतो. शिवाय जेवणालगत घेतलेला चहा डाळी-भाज्यांतील लोह शरीरात पुरतेपणी शोषू देत नाही. त्यापेक्षा दुपारी ताक घ्यावे आणि गल्ल्याजवळ फुटाणे, बदाम, भाजलेले शेंगदाणे यांची एक डबी ठेवावी. (भुईमूग जमिनीत वाढत असला, तरी ती शेंग आहे, कंद नव्हे; म्हणून बहुतेक जैन घरांत तो चालतो.)

ऑस्ट्रेलियात खिन्नतेच्या ६७ रुग्णांवर १२ आठवड्यांचा एक प्रयोग झाला व त्याचा वृत्तांत २०१७ साली प्रसिद्ध झाला. आहार सुधारलेल्या गटापैकी सुमारे ३२ टक्के रुग्णांची खिन्नता ओसरली. ज्यांना केवळ सोबत व संभाषण लाभले, त्यांच्यात हे प्रमाण ८ टक्के होते. प्रयोग लहान होता, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. त्या आहारात मासे व थोडे मांसही होते; परंतु त्याचा मुख्य भर भाज्या, फळे, सालीसकट धान्ये, कडधान्ये व सुकामेवा यांवर होता. मूग, हरभरा, ज्वारीची भाकरी, तीळ हे सर्व आपल्या स्वयंपाकघरात पूर्वापार आहेच. अष्टमी-चतुर्दशीस हिरव्या भाज्यांचा त्याग करणाऱ्यांना पालेभाजीतील फोलेट मूग-हरभऱ्यांतूनही मिळते. सूर्यास्तापूर्वीचे भोजनही हितावहच; रात्री उशिरा जेवल्यास रक्तातील साखर अधिक चढते, असे आढळून आले आहे.

आपल्या आहारात एक उणीव मात्र राहू शकते, आणि ती मनाशी निगडित आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व १९४८ साली प्रथम शुद्ध स्वरूपात हाती आले. धान्य, डाळी, भाज्या यांतून ते भरवशाने मिळत नाही. शाकाहारी माणसास ते मुख्यतः दूध, दही, ताक व पनीर यांतूनच मिळते. तुपात ते जवळजवळ नसतेच. म्हणून ज्या घरी तूप सढळ पण दूध चहापुरते, तेथे याची वाण पडते. आयंबिलाच्या ओळीतील नऊ दिवसांनी बिघडत नाही, कारण निरोगी माणसाच्या यकृतात याचा साठा दीर्घकाळ पुरतो. तो वर्षानुवर्षे आटत गेला, म्हणजे थकवा, विसराळूपणा, उदासपणा, चिडचीड व हातापायांस मुंग्या ही लक्षणे दिसू लागतात. घरची मंडळी म्हणतात, “धंद्याची काळजी आहे, दुसरे काय!” आणि उपचार लांबतो. पुढे मज्जातंतूंची हानी कायमची होऊ शकते.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांनी आणि वृद्धांनी विशेष जपावे, कारण त्यांचे शरीर ब-१२ कमी शोषते. रक्ततपासणीने ही उणीव कळते. तपासणीविना नुसत्या फोलिक आम्लाच्या गोळ्या घेत राहणे घातक होय. त्याने रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंची झीज चालूच राहते. वैद्यकीय सल्ल्याने गोळी वा टोचणी घेण्यात धर्माची अडचण सहसा येत नाही, कारण औषधातील ब-१२ सूक्ष्मजंतूंच्या साह्याने तयार करतात. कॅप्सूलचे कवच मात्र पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेले असते. यास्तव औषधविक्रेत्याकडे साधी गोळी किंवा वनस्पतिजन्य कवचाची कॅप्सूल मागून घ्यावी.