पन्नास गोल्ड, आठवी लेव्हल आणि तुमचं दुकान: शेवटपर्यंत टिकणारी टीम आधीच कशी आखायची



भांडवलावरच्या व्हिडिओत मी टीमफाइट टॅक्टिक्स या गेमचं नाव जाता जाता घेतलं होतं. त्यानंतर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं, 'सर, त्या गेमचा आणि धंद्याचा काय संबंध?' व्हिडिओत पाच मिनिटांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून इथे नीट लिहितोय. आधीच सांगतो, यात पैसे लावायचे नसतात. रमी-बिमीसारखा हा प्रकार नाही. पण पैसे कधी धरून ठेवायचे आणि कधी सोडायचे, याचा इतका स्वच्छ सराव दुसऱ्या कुठल्या खेळात मी तरी पाहिलेला नाही.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१९ च्या जानेवारीत ड्रोडो नावाच्या चिनी स्टुडिओने डोटा २ या गेममध्ये 'ऑटो चेस' नावाचा प्रकार आणला. तो इतका चालला की त्याच वर्षी जूनमध्ये रायट गेम्सने स्वतःचा टीमफाइट टॅक्टिक्स काढला आणि २०२० मध्ये तो मोबाइलवर आला. खेळाडू ८ असतात, प्रत्येकाची हेल्थ १००. प्रत्येक फेरीआधी तुमच्यासमोर एक छोटं दुकान उघडतं, त्यात ५ युनिट विकायला असतात. १ गोल्डपासून ५ गोल्डपर्यंत किंमत. तुम्ही विकत घ्यायचं, पटावर मांडायचं. लढाई आपोआप होते, तुमच्या हातात काही नसतं. हरलात की हेल्थ कमी. शेवटी जो उरतो तो पहिला.

म्हणजे लढाई तुम्ही लढतच नाही. तुम्ही फक्त खरेदी, मांडणी आणि हिशेब करता. आता सांगा, हे दुकान नाही तर काय आहे?

नवशिके कुठे अडकतात

नवीन खेळाडू काय करतो माहितीय का? इंटरनेटवर जाऊन सध्या जोरात असलेली एक टीम शोधतो. आठ युनिटची यादी पाठ करतो आणि पहिल्या फेरीपासून तीच गोळा करायला लागतो. दुकानात हवं ते युनिट दिसलं नाही की २ गोल्ड देऊन रीरोल, म्हणजे नवीन माल दाखवा. पुन्हा नाही दिसलं, पुन्हा रीरोल. चौथ्या स्टेजला येईपर्यंत गल्ला रिकामा, हेल्थ चाळीसच्या आसपास आणि यादीतले आठपैकी पाचच जण हातात. त्यात तिघे तर अजून एक-स्टार.

यादी चुकीची नसते बरं का. ती टीम शेवटी खरंच जबरदस्त असते. पण ती शेवटची टीम आहे. ती उभी करण्यासाठी मधल्या वीस-पंचवीस फेऱ्या जिवंत राहावं लागतं, आणि ते त्या यादीत कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून लेट गेमची टीम आखायची म्हणजे आठ नावं ठरवायची नाहीत. ठरवायचं हे की आज जे विकत घेतोय त्यातलं काय काय शेवटच्या टीमपर्यंत माझ्यासोबत येणार आहे, आणि काय वाटेत विकून टाकायचं आहे.

काय सोबत येतं?

या गेममध्ये मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे आयटम. दोन कच्चे भाग जोडले की एक पूर्ण आयटम तयार होतो. दोन जायंट्स बेल्ट जोडले की वॉर्मॉग्ज आर्मर, दोन चेन वेस्ट जोडल्या की ब्रॅम्बल वेस्ट. एका युनिटवर जास्तीत जास्त ३ आयटम. एकदा जोडलेले भाग परत सुटे होत नाहीत. पण ते ज्या युनिटवर आहेत ते युनिट विकलं, तर आयटम अख्खा तुमच्याकडे परत येतो. आणि एक-स्टार युनिट विकलं तर त्याचे पूर्ण पैसे परत मिळतात. १ रुपयाची तूट नाही.

चांगले खेळाडू याचाच फायदा घेतात. समजा शेवटी तुमचा मुख्य मारा करणारा, ज्याला कॅरी म्हणतात, तो ४ गोल्डचा एखादा तिरंदाज असणार आहे. तो सुरुवातीला मिळणारच नाही. मग तोपर्यंत तुम्ही १ किंवा २ गोल्डचा एखादा साधा तिरंदाज ठेवता, त्याच्या अंगावर तेच आयटम चढवता आणि चालवत राहता. याला आयटम होल्डर म्हणतात. खरा माणूस आला की साध्याला विकायचं, आयटम उतरवून नव्यावर चढवायचे. लढाई एक दिवसही बंद नाही.

आता हे दुकानाला लावून बघा. समजा तुम्हाला बेकरी काढायची आहे. हातात ठरावीक रक्कम आहे. एक जण भाड्याच्या गाळ्यात पीओपीचं छत, प्लायवूडचं फर्निचर, काचेचा दर्शनी भाग, सगळं करून घेतो. दुसरा तेच पैसे चांगला ओव्हन, मिक्सर आणि वजनकाट्यात घालतो आणि गाळा साधाच ठेवतो. अकरा महिन्यांचा करार संपला, मालकाने भाडं वाढवलं, जागा सोडायची वेळ आली. पहिल्याचे पैसे भिंतीला चिकटून राहिले. दुसरा टेम्पो बोलावतो आणि ओव्हन उचलतो. ओव्हन हा आयटम आहे, गाळा हा होल्डर. होल्डरवर प्रेम करायचं नसतं.

मला माहितीय, लगेच कुणीतरी म्हणेल, 'पण सर, दुकान दिसायला चांगलं नको का?' हवं ना. काही धंद्यांत, उदाहरणार्थ ब्युटी पार्लर, दिसणं हाच अर्धा माल असतो. पण तिथेही आरसे, खुर्च्या, दिवे असे घ्या की जे स्क्रू काढून नेता येतील. सुताराला पहिल्याच दिवशी हे सांगितलं की तो तसं करून देतो. नंतर सांगितलं तर फोडूनच काढावं लागतं.

गेममध्ये आणखी एक बारीक गोष्ट आहे. कच्चे भाग जोडण्याची घाई करू नका, पण कंजूषपणाही करू नका. परफेक्ट आयटमच्या नादात चार भाग बाकावर पडून ठेवले तर त्या काळात हेल्थ जाते. माझं मत असं की पुढे उभ्या राहणाऱ्यासाठीचा संरक्षणाचा आयटम लवकर बनवून टाकावा, कारण टँक प्रत्येक टीमला लागतोच. माऱ्याचे आयटम थोडे थांबून बनवावेत, कारण कॅरी कोण होणार हे अजून नक्की नसतं.

पन्नासचा हिशेब

गेममध्ये दर फेरीला ५ गोल्ड ठरलेलं उत्पन्न मिळतं (सुरुवातीच्या काही फेऱ्या सोडून). त्यावर व्याज. गल्ल्यात दर १० गोल्डमागे १ गोल्ड, जास्तीत जास्त ५. म्हणजे ५० असले की दर फेरीला ५ फुकट. ५० च्या वर कितीही ठेवा, व्याज वाढत नाही. म्हणून ७० धरून बसणारा माणूस काटकसरी नाही, तो नुसता बसलेला आहे.

आता एक छोटं गणित वहीत करा. तुमच्याकडे ५० आहेत. हौसेखातर १० रीरोल मारले, २० गेले, उरले ३०. पुढच्या फेरीला ५ अधिक व्याज ३, झाले ३८. मग ४६. मग ५५. म्हणजे तीन फेऱ्यांत तुम्ही पुन्हा पन्नाशी गाठली. पण त्या तीन फेऱ्यांत व्याज २, २ आणि १ असं ५ ने कमी मिळालं. जे २० चं वाटलं ते प्रत्यक्षात २५ ला पडलं. जिंकल्याचे, सलग हार-जीतीचे जास्तीचे गोल्ड मी यात धरलेले नाहीत, तरी मुद्दा कळला असेल. गल्ल्यातून काढलेल्या पैशाची किंमत छापील किमतीपेक्षा जास्त असते.

हे कळलं की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. ५० ला हातच लावत नाही. आणि इथेच सगळ्यात जास्त लोक मरतात.

हरल्यावर किती हेल्थ जाणार हे दोन गोष्टींवर ठरतं: कोणती स्टेज चालू आहे आणि समोरच्याचे किती युनिट उरले. सुरुवातीला हरणं स्वस्त असतं. दुसऱ्या स्टेजला हरलात तर थोडकंच जातं, उलट सलग हरत राहिल्याचे जास्तीचे गोल्ड मिळतात. पण स्टेज पुढे सरकते तसं तेच हरणं महाग होत जातं. पाचव्या स्टेजला दोन मोठे पराभव म्हणजे खेळ आटोपला. तेव्हा गल्ल्यात ५० असले काय आणि ० असले काय. बाहेर पडलेल्या खेळाडूच्या गोल्डला काही किंमत नसते.

हेल्थ म्हणजे तुमचं दुकान किती महिने तोट्यात उघडं राहू शकतं तो आकडा. भाडं, पगार, लाइट बिल, घरखर्च. पहिल्या सहा महिन्यांचा तोटा बहुतेकांना झेपतो. दीड वर्षानंतर तेवढाच तोटा झेपत नाही, कारण तोवर उधारी डोक्यावर आलेली असते. माझा नियम साधा आहे. दोन वाईट फेऱ्यांत मी बाहेर पडू शकतो असं दिसलं की पन्नाशी मोडायची, आणि मोडायची तर नीट मोडायची. दर फेरीला ४-४ गोल्डचं चिल्लर रीरोल करणं हा सगळ्यात वाईट मार्ग. त्यात व्याजही जातं आणि टीमही सुधारत नाही. दुकानात दर आठवड्याला थोडाथोडा नवीन माल आणून बघणारे तुम्ही पाहिले असतीलच.

सगळ्यांना तोच माल हवा असेल तर

एक गोष्ट नवशिक्यांना कळायला फार वेळ लागतो. दुकान आठ जणांचं वेगळं दिसतं, पण मागचं गोदाम एकच आहे. प्रत्येक युनिटच्या ठरावीक प्रतीच उपलब्ध असतात. ३ प्रती जमल्या की दोन-स्टार, ९ जमल्या की तीन-स्टार. तिघे जण एकाच कॅरीच्या मागे असले तर तो कितीही जबरदस्त असो, तुमच्या दुकानात दिसणारच नाही.

म्हणून दुसऱ्यांचे पट बघायचे. फुकट आहे, दोन सेकंद लागतात, तरी लोक बघत नाहीत. आपल्याकडे एका रस्त्यावर चहाचं दुकान चाललं की पुढच्या वर्षी तिथे चार होतात. दूध तेच, गिऱ्हाईक तेच. पाचवं टाकायला निघालेल्या माणसाला मी विचारतो, 'समोरच्या चौघांचे कप मोजलेस का?' सकाळी आठ ते दहा उभा राहून. उत्तर बहुतेक वेळा नाही असतं.

यात एक गंमतही आहे. एखादा खेळाडू बाहेर पडला की त्याचे युनिट गोदामात परत जातात. तुमच्याशी स्पर्धा करणारा आधी संपला तर अचानक तुम्हाला हवा तो माल दिसायला लागतो. बंद पडलेल्या दुकानाचा डीप फ्रीझर स्वस्तात मिळतो, तसंच. पण त्यासाठी तुम्ही जिवंत हवे आणि हातात गोल्ड हवं.

बदली करताना

टिकणाऱ्या टीमला तीन कामं करणारे लागतात. पुढे उभं राहून मार खाणारे, मागून मारा करणारा, आणि समोरच्याची ताकद कापणारा. तिसरा लोक विसरतात. समोरचा स्वतःला बरं करत असेल तर मोरेलोनॉमिकॉन किंवा सनफायर केपसारखा आयटम लागतो. त्याचं चिलखत जाड असेल तर लास्ट व्हिस्पर. नुसता मारा वाढवून हे सुटत नाही.

आठव्या लेव्हलला ४ गोल्डचे युनिट बऱ्यापैकी दिसायला लागतात आणि तिथेच बरेच जण मोठी खरेदी करतात. तेव्हा सगळी जुनी टीम एका झटक्यात विकू नका. जुना दोन-स्टार टँक दिसायला हलका असतो, पण नुकत्याच आलेल्या एक-स्टार महागड्या युनिटपेक्षा बऱ्याचदा जास्त वेळ उभा राहतो. नव्याची जोडी जमेपर्यंत जुना पुढेच राहू द्या. बाकावर जागा ९ च असतात, त्यामुळे कोणाची वाट बघायची आणि कोणाला सोडायचं हे खरेदीला बसण्याआधी कागदावर ठरवा. खरेदी चालू असताना घड्याळ चालू असतं, तेव्हा डोकं चालत नाही.

आणि नवव्या लेव्हलचा मोह. तिथे ५ गोल्डचे सरदार मिळतात, व्हिडिओत तेच चमकतात. पण हेल्थ २० असेल आणि हातात ३० गोल्ड, तर नववी लेव्हल विसरा, आहे त्या टीमची दोन-स्टार पूर्ण करा. हेल्थ ६० असेल, टँक आणि कॅरी दोघे दोन-स्टार झालेले असतील, तर रीरोल बंद करून लेव्हल चढवा आणि नवव्या जागेवर तो तिसरा माणूस बसवा, ताकद कापणारा.

शुक्रवारच्या व्हिडिओत एक अख्खा गेम स्क्रीनवर दाखवतो, प्रत्येक फेरीचा गल्ला आणि हेल्थ बाजूला लिहून. बघायला बसताना वही आणि तुमच्या दुकानाच्या खर्चाचा कागद सोबत ठेवा. भाडं आणि पगार धरून किती महिने निघतील, तो आकडा वरच्या कोपऱ्यात आधीच लिहून आणा.